सीकाचा गवाब

आमच्या घरात दोन माणसांचं एका गोष्टीवर एकमत होतं आणि बाकी कशावरही नव्हतं. ती माणसं म्हणजे माझे वडील, कारागीर म्हणून सगळे ज्यांना उस्ता म्हणत ते झेनहोम, आणि माझा धाकटा भाऊ हिल्मी. आणि ती गोष्ट म्हणजे, गवाब स्वच्छ हवा.

गवाब म्हणजे काय ते आधीच सांगते, कारण या एका शब्दाने आमच्या घराचं वाटोळं केलं. कैरोत कुणालाही विचारा, गवाब म्हणजे पत्र, पोस्टमन आणतो ते. पण मुहम्मद अली रस्त्यामागच्या आमच्या बोळात, जिथे वाद्यं बनतात, तिथे गवाब म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर. खालच्याने हाक मारायची, वरच्याने ओ द्यायची. ओ अशी द्यायची, की दोघं मिळून एकच माणूस बोलतोय असं वाटावं. तसं वाटलं तर गवाब स्वच्छ. नाहीतर वाद्य परत भिंतीला टांगायचं आणि गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून सांगायचं.

आम्ही कानून बनवतो. मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं वाद्य, अठ्ठ्याहत्तर तारा, एकेका सुराला तीन-तीन. डाव्या कडेला प्रत्येक सुराखाली नखाएवढ्या पितळी कळा असतात. कळ उभी केली की सूर थोडा चढतो, आडवी केली की उतरतो. ही कळ लाकडावर नेमकी कुठे बसवायची, यात आमचं आयुष्य गेलं. लाकूड बाबा कापायचे, कळा हिल्मी बसवायचा. नाईलमधल्या बयाद माशाचं कातडं ताणून चिकटवायचं आणि तारा चढवायच्या हे माझं काम. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा मी माझी भांडी उचलली, त्याच्या आईला चार शब्द सुनावले आणि बापाच्या घरी आले. तेव्हापासून तारा चढवते. तारा निदान ताणल्यावर सुरात येतात.

बाबांचे कान पन्नाशीतच अधू झाले. उजवा गेलाच, डावा निम्मा. पण कानाने गेलेलं त्यांनी डोळ्यांनी भरून काढलं. सिगारेटच्या पाकिटातला कागद फाडायचा, तांदळाएवढा कपटा दुमडून वरच्या तारेवर खोगिरासारखा बसवायचा आणि खालची तार छेडायची. गवाब स्वच्छ असेल तर वरची तार हात न लावता आपोआप थरथरते आणि कागद पडतो. केसभर जरी फरक असला तरी कागद आपला बसून राहतो. हिल्मी आतल्या खोलीत कळा घासत बसलेला असायचा आणि दिवसातून वीस वेळा तिथूनच ओरडून विचारायचा, "पडला का कागद?"

आता भांडण. ते समजायला फार विद्वान असावं लागत नाही. एका सुराशी गोड जुळणारा दुसरा, दुसऱ्याशी गोड जुळणारा तिसरा, असं करत बारा घरं फिरलं, की शेवटी निघालो त्याच सुराच्या गवाबावर परत यायला हवं. पण येत नाही. केसभर पुढे जातं. माणसाने सगळ्या शेजाऱ्यांशी गोड बोलून घरी यावं आणि आपलंच दार चार बोटं सरकलेलं दिसावं, तसं. दार तर हलवता येत नाही, गवाब स्वच्छच हवा. मग हा उरलेला केस कुणाच्या तरी माथी मारावा लागतो.

बाबा तो कोपऱ्यातल्या, फारशा न वाजणाऱ्या सुरांच्या माथी मारायचे. घरातही त्यांची हीच रीत. जो बोलत नाही त्याच्या ताटात करपलेली भाकरी. हिल्मी म्हणायचा, सगळ्यांना सारखा वाटा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मित्राकडून त्याने काट्याची एक पेटी आणली होती, सूर ऐकला की काटा हलायचा. वह्याच्या वह्या आकड्यांनी भरून त्याने असा हिशेब बसवला, की गवाब तेवढा पूर्ण स्वच्छ राहील आणि तो केस बाकी सगळ्यांत कणाकणाने विरून जाईल. कुठल्याच सुराला फार दुखणार नाही. बाबा त्या वह्या बघून म्हणाले, "म्हणजे खरं कुणीच बोलणार नाही. सगळे थोडं थोडं खोटं बोलतील." बापलेकाचं सूत जुळत नव्हतं, पण तोपर्यंत निदान दोघं एका ताटात जेवत होते.

मग सीकाची गोष्ट निघाली. सीका हा आमच्याकडचा एक सूर. धड वरचा नाही, धड खालचा नाही, मध्ये कुठेतरी. नेमका कुठे, ते पुस्तकात वेगळं आणि गल्लोगल्ली वेगळं. ज्याच्या आईने तो अंगाईत जिथे ठेवला असेल तिथे त्याचा सीका. आमची आई, नबविया, लग्नांतून गायची. तिचा सीका सगळ्यांपेक्षा केसभर खाली असायचा, आणि ती त्या सुरावर थांबली की नवरीकडच्या बायका ताटातलं जेवण सोडून रडायला लागायच्या. बाबांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिला शेजारी बसवून, गायला लावून, स्वतःच्या कानूनवरची सीकाची कळ ठोकली होती. हिल्मी सोळा वर्षांचा असताना आई गेली. लोकांची लग्नं गाजवली, पण तिच्या आवाजाची एक कॅसेट कुणी भरून ठेवली नाही. तिचा आवाज उरला तो त्या एका कळेत.

एका संगीत शाळेने बारा कानून मागवले आणि बाराच्या बारा परत पाठवले. सीका खाली आहे, पुस्तकाप्रमाणे नाही. हिल्मीने वर्षभर खपून त्या सगळ्यांच्या कळा आपल्या आकड्यांप्रमाणे बसवल्या. स्वतःच्या कानूनच्याही बसवल्या. शाळा खूश झाली. बाबा आपलं लाकूड कापत राहिले. पण एके दिवशी सकाळी मी भाजी घेऊन आले, तर हिल्मी बाबांचं जुनं कानून मांडीवर घेऊन बसलेला, हातात बारीक पेचकस.

बाबा दारातून म्हणाले, "आईला हात लावू नकोस."

हिल्मीने मान वर केली नाही. "ती आई नाही, बाबा. ती चूक आहे. केसभराची, पण चूक."

बाबांना ते ऐकू आलं नाही. काय म्हणाला, असं त्यांनी मला नजरेनेच विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं. काहीही सांगता आलं असतं, कळ सैल झालीय म्हणतो, तेल हवंय म्हणतो. पण मला मेलीला खरेपणाची खाज. मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन जसंच्या तसं सांगितलं, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं.

बाबा म्हणाले, "मग चुकीच्या पोटी जन्मलेल्याने या घरात राहू नये."

त्या दिवसांत आमच्या गल्लीतला निम्मा पुरुषवर्ग इराकला गेलेला होता. तिथले तरुण सगळे लढाईवर आणि कामं पडलेली. समोरचा दसूकी फरशी बसवायचा, तो सुट्टीवर आला होता. हिल्मीने त्याला सांगितलं, मलाही ने. कळा बसवणाऱ्या बोटांना फरशी काय जड, असं दसूकी म्हणाला. हा दसूकी मनाचा चांगला, पण सुराच्या बाबतीत दगड. मशिदीतली अजान आणि रॉकेलवाल्याची आरोळी यांतला फरक त्याला वेळेवरून कळायचा.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी बाबा नमाजाला गेले तेव्हा हिल्मी माझ्याकडे आला आणि बाबांच्या कानूनच्या पेटीची किल्ली मागितली. मी म्हटलं, कळ हलवलीस तर हात तोडेन. तो हसला. आत जाऊन त्याने दोन्ही कानून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मी मुलुखियाची पानं चिरत होते. आतून एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, एकदा खालचा, एकदा वरचा, मध्येच पितळेवरचा टकटक आवाज. मला वाटलं, निरोप घेतोय वाद्याचा, घेऊ दे. जेवायला हाक मारली तेव्हा त्याने बाबांची पेटी बंद करून किल्ली माझ्या हातात ठेवली. बाबांची कळ जागच्या जागी होती, मी तपासून पाहिली. त्याची मी तपासली नाही. कशाला तपासू?

तो गेला. दोन वर्षं पत्र नाही. बाबा वरून दगड, पण पोस्टमनच्या सायकलची घंटा त्यांना बरोबर ऐकू यायची. एरवी कानाशी ढोल वाजवला तरी हूं की चूं नाही.

सत्याऐंशीच्या मोठ्या ईदला दसूकी आला. हिल्मी आला नव्हता. त्याने खजूर आणि एक सदरा पाठवला होता आणि निरोप पाठवला होता. दसूकी बाबांच्या डाव्या बाजूला बसला, चहा प्यायला, ईदच्या शुभेच्छा देऊन झाल्या, मग घसा खाकरून म्हणाला, "उस्ता, हिल्मीने सांगितलंय, तुमच्यासाठी गवाब कानूनमध्ये आहे. बाबांना कळेल म्हणाला."

बाबांनी दोनदा वदवून घेतलं. मग ते हसले. दोन वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. म्हणाले, "पत्र लिहून ठेवून गेला गाढव, आणि आपण पोस्टमनची वाट बघत बसलो."

आता ऐका. ज्या घरात दिवसातून शंभर वेळा गवाब हा शब्द सुरासाठी बोलला जातो, त्या घरातल्या दोन माणसांनी तो शब्द ऐकला आणि दोघांच्याही डोक्यात पत्र आलं. परदेशातून आलेल्या माणसाच्या तोंडी गवाब म्हणजे दुसरं काय असणार? दोन वर्षं आम्हाला पत्रच हवं होतं. माणूस उपाशी असला की त्याला सगळ्या थाळ्यांच्या आवाजात जेवणच ऐकू येतं.

आम्ही हिल्मीचं कानून भिंतीवरून काढलं. हलवून पाहिलं. बॅटरी लावून नक्षीच्या भोकांतून आत डोकावलो. बाबा म्हणाले, खोल आत सारलं असेल. त्यांनी नक्षी उचकटली. हात आत जाईना. मग म्हणाले, कातडं काप. ते कातडं मीच ताणलं होतं, आठ दिवस खपून, हिल्मी मागे उभा राहून जरा इकडे, जरा तिकडे करत असताना. मी सुरी चालवली. तारा सैल केल्या, मग सगळ्याच काढल्या. पाठीची फळीसुद्धा बाबांनी एका कडेने सोडवली. आत सरसाच्या वाळक्या खपल्या निघाल्या आणि एक मेलेला पतंग.

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. पोराने आशा दाखवून थट्टा केली, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. दसूकी परत निघाला तेव्हा बाबांनी त्याला बोलावून निरोप दिला. "त्याला म्हणावं, कानूनमध्ये गवाब नाही. झेनहोमने स्वतः पाहिलं. आणि असली थट्टा करणाऱ्याला माझ्याकडूनही गवाब नाही."

त्यानंतर हिल्मीकडून खजूर आले नाहीत आणि निरोपही आला नाही. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत विमानतळावरून माणूस लांब लाकडी खोकं घेऊन आला. खोक्यावर नाव होतं, हिल्मी झेनहोम, आणि कागदावर कारण होतं, छातीचा आजार. सव्वीस वर्षांच्या पोराला छातीचा कसला आजार, ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणाला विचारणार होतो? त्याला आईशेजारी ठेवलं. बाबा रडले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी त्या फाटक्या कानूनकडे बघितलं. दीड वर्ष ते तसंच कोपऱ्यात उभं होतं, पोट फाडलेलं. म्हणाले, "इन्शिराह, ते शिव. असं तोंड वासून नको राहायला."

मी नवं कातडं आणलं, भिजवलं, ताणलं, वाळू दिलं. फळी बाबांनी चिकटवली. मग तारा चढवल्या. नव्या तारा हट्टी असतात, रोज उतरतात, रोज चढवाव्या लागतात. आमच्याकडे प्रत्येक कानून बाबांच्या कानूनवरून लावतात, तसंच तेही लावलं. महिन्याभरात त्या स्थिर झाल्या. मग मी कळा उभ्या करून एकेक सूर आणि त्याचा गवाब तपासत गेले. सगळे स्वच्छ. हिल्मीचा हिशेब होता तो, चोख असणारच. सीकापाशी आले आणि थांबले.

खालचा सीका त्याच्या आकड्याप्रमाणे होता. वरचा नव्हता. वरचा केसभर खाली होता. गवाब मळका होता, चक्क मळका. दोन्ही एकत्र छेडले की आवाज लहरत होता. मी तारा पुन्हा लावल्या, तरी तेच. चष्मा लावून कळ पाहिली. शेजारी जुन्या खिळ्याचं भोक होतं, मेण भरून बुजवलेलं. म्हणजे कळ आधी बरोबर जागी होती, ती उपटून मुद्दाम चुकीच्या जागी बसवली होती.

"मेल्या," मी म्हटलं, "आईची केसभर चूक काढलीस आणि स्वतः काय करून ठेवलंस?" मेल्या हा शब्द तोंडातून गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. पंचवीस वर्षं त्याला त्याच शब्दाने हाक मारली होती. कळ मात्र मी हलवली नाही. त्याच्या हातची शेवटची होती.

चाळिसावा दिवस आला. दुपारच्या नमाजानंतर शेखने पठण केलं, लोकांनी बिनसाखरेची कॉफी प्यायली, बाबांचा हात दाबला आणि गेले. दसूकी मागे राहिला. तो आता कायमचा परतला होता. कारखान्यात टेबलावर शिवलेलं कानून ठेवलं होतं. त्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. बाबा पलीकडे खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"सित्त इन्शिराह," तो हळूच म्हणाला, "ते पत्र शेवटी सापडलंच नाही का? त्या बाईचं?"

"कुठल्या बाईचं?"

"जाऊ दे. मेलेल्या माणसाची झाकलेली मूठ."

मी त्याची बाही धरली. "दसूकी, कुठली बाई? आत्ता बोल."

तो बाबांकडे बघून आणखी हळू बोलायला लागला. "सीका की काहीतरी. तो म्हणाला होता, बाबांना सांग, तुमच्या सीकाचा गवाब माझ्या कानूनमध्ये आहे. मला वाटलं, कुणी पोरगी असेल. नाव तर बाईचंच ना? आणि 'तुमच्या' म्हणाला, म्हणजे मला वाटलं उस्तांचंच काही जुनं प्रकरण. तुम्ही शेजारी बसलेल्या, ईदचा दिवस, मी त्यांच्या तोंडावर परक्या बाईचं नाव कसं घेऊ? म्हणून नुसतं गवाब म्हटलं. त्यांना कळेल म्हणाला होता, म्हटलं आपण कशाला अब्रू काढा."

मला आधी हसू आलं. खरंच आलं, त्याची लाज वाटते. मग मी विचारलं, "आणि बाबांचा निरोप त्याला दिलास?"

"दिला. शब्दाला शब्द. कानूनमध्ये गवाब नाही, उस्तांनी स्वतः पाहिलं. तो फरशी घासत होता. थांबला. मला विचारलं, कागद पडला नाही का?"

"मग? तू काय म्हणालास?"

"जे खरं ते. म्हटलं, नाही बाबा, कागद काही पडला नाही. उलटंसुलटं करून पाहिलं सगळ्यांनी." तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. "मी काही चुकीचं बोललो का? त्याने परत विचारलं, नक्की नाही पडला? मी अल्लाची शपथ घेतली. मग तो म्हणाला, तर माझेच कान खोटे. एवढंच. त्यानंतर दिवसभर फरशी बसवली. नंतर कधी गुणगुणलासुद्धा नाही. आधी आम्ही त्याला ओरडायचो, अरे गप बस म्हणून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही वळसाही घातला नव्हता, काखच फाडली होती.

मी बाबांच्या पेटीचं कुलूप काढलं आणि त्यांचं कानून हिल्मीच्या कानूनशेजारी टेबलावर ठेवलं, त्या शुक्रवारी त्याने ठेवलं होतं तसं. किल्ली दोनदा पडली. ज्या पोराने वह्या भरभरून लिहिलं, की काहीही सरकवा पण गवाब मळू देऊ नका, त्याने स्वतःच्या वाद्याचा गवाब जाणूनबुजून मळवला होता. त्याचा वरचा सीका त्याच्या खालच्या सीकाला उत्तर देतच नव्हता. तो टेबलाच्या पलीकडल्या वाद्याला उत्तर देत होता. बाबांना न विचारता, त्यांची कळ न हलवता, त्याने आईच्या सुराला आपल्या घरात जागा दिली होती आणि त्या जागेपायी स्वतःचं घर वाकडं करून घेतलं होतं. तोंडाने त्याला माफी मागता आली नसती, सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी आमची जात. म्हणून त्याने ती पितळेत ठोकून ठेवली. आणि पीळ तसाच ठेवून गेला, बाबा एकदा वाजवून बघतील या भरवशावर.

मी बाबांना हलवलं. त्यांच्या डाव्या कानाशी गेले. एकदा याच कानात मी नको ते जसंच्या तसं ओतलं होतं. आता फक्त दोन शब्द म्हटले, "सीकाचा गवाब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या दोन वाद्यांकडे पाहिलं. मग दसूकीकडे. आमच्या धंद्यात पन्नास वर्षं घालवलेल्या माणसाला त्याहून जास्त सांगावं लागत नाही. ते उठले, सदऱ्याच्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, आतला कागद फाडला. बोटं वळत नव्हती, पहिला कपटा मोठा झाला, दुसरा हातातून सांडला. तिसरा त्यांनी दुमडला आणि हिल्मीच्या कानूनवर, वरच्या सीकाच्या मधल्या तारेवर बसवला. दोन्हीकडच्या कळा स्वतः उभ्या केल्या. हिल्मीच्या कळेशेजारचं ते मेणाचं भोक त्यांच्या अंगठ्याला लागलं. अंगठा तिथेच राहिला.

मग त्यांनी मला मानेने खूण केली.

मी बाबांच्या कानूनवर खालचा सीका छेडला. आईचा. पलीकडच्या वाद्याला कुणीही हात लावला नव्हता. कागद थरथरला, एका बाजूला कलला, आणि पडला.

बाबांनी तो उचलून पुन्हा बसवला. मी पुन्हा छेडलं. पुन्हा पडला. असं त्यांनी किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. दसूकीला काही समजत नव्हतं, तो तारेवरून पडणाऱ्या त्या तांदळाएवढ्या कागदाकडे नुसता बघत होता, आणि मग एका क्षणी त्यालाही समजलं असावं, कारण तो भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायला लागला. मी त्याला थांबवलं नाही. नंतर थांबवलं. त्याने निदान एक नाव गाळलं होतं ते अब्रूपोटी. आम्ही त्या शब्दातला सूरच कशापोटी गाळला?

बाबांनी कागद तळहातावर घेतला.

"दसूकी," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, खोलीला फार मोठा. "तू परत जाशील तेव्हा त्याला सांग. मी स्वतः पाहिलं म्हणावं. कागद पडला."

दसूकीने माझ्याकडे पाहिलं. तो उठला, बाहीने डोळे पुसले, बाबांच्या डाव्या बाजूला गेला आणि कानाशी वाकला.

"सांगतो, उस्ता," तो म्हणाला. "ह्या वेळी शब्दाला शब्द सांगतो."

मग त्याने दाराशी जाऊन पायांत चपला चढवल्या आणि कबरस्तानाच्या वाटेला लागला.